पंख्याच्या दांड्याचे भरण

तांडेलमामांनी विचारले, "मिस्त्री, ह्यात काय हाय?" आणि मी म्हणालो, "मेण." ते मेण नव्हते. ती गुराची चरबी होती, आणि मला ते चांगले ठाऊक होते. घाईत तोंडातून निघून गेले, असे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले. ते खरे नाही. मी विचार करून बोललो होतो.

जोयड्याच्या रानात आमच्या मालकांचा सागवानतोडीचा मक्ता होता. ओंडके काळी नदीच्या एका लांब डोहात सोडायचे, त्यांचे तराफे बांधायचे आणि डोहाच्या खालच्या टोकाला नेऊन गाड्यांवर चढवायचे, असे ते काम. आधी ते बांबूंच्या लग्ग्या लावून माणसेच करीत. मग मालकांनी कारवारकडची एक जुनी, लहानशी वाफेची बोट विकत घेतली. तिचे इंजिन सोडवून वेगळे केले, सांगाडा दोन गाड्या जोडून त्यांवर बांधला आणि घाट चढवून सगळे इकडे आणले. मला हुबळीहून बोलावले. तिथे मी रेल्वेच्या इंजिनांवर काम शिकलो होतो. बोटीत मी कधी बसलोही नव्हतो. पण वाफेचे काम सगळीकडे सारखेच, अशी माझी समजूत होती.

तांडेलमामा सुकाणूवर. मूळचे खाली किनाऱ्याकडचे. सासुरवाडीच्या शेतीमुळे ह्या डोंगरात आले आणि इथलेच झाले. बोट यायच्या आधी ह्याच डोहावर त्यांची नाव चाले. पाण्याखालचे खडक कुठे आहेत, कोणत्या महिन्यात कोणता खडक वर येतो, हे त्यांच्याखेरीज कोणाला माहीत नव्हते. ते बसले नाहीत तर बोट पाण्यात घालण्यात अर्थ नव्हता. हे मी आधी सांगून ठेवतो, कारण माझ्या खोट्याचे मूळ त्यातच आहे.

बोटीचा पंखा मागे पाण्यात असतो आणि इंजिन आत असते. दोघांना जोडणारा दांडा बोटीच्या पोटातून बाहेर जातो. तो ज्या भोकातून जातो तिथून पाणी आत येणारच. म्हणून त्या जागी एक पितळी डबी बसवलेली असते. डबीत दांड्याभोवती दोरीची वेटोळी ठासून भरायची आणि वरून झाकण बोल्टांनी आवळायचे. ह्या दोरीला आम्ही भरण म्हणत असू. ती नरम हवी, नाहीतर दांड्याला चरे पडतात. घट्टही हवी, नाहीतर पाणी धारेने येते. आणि तिच्यात काहीतरी ओशट मुरलेले हवे, नाहीतर फिरणाऱ्या दांड्याने ती तापून जळते. अगदी कोरडी ठेवूनही चालत नाही; अधूनमधून एखादा थेंब पाणी आत पडले पाहिजे, म्हणजे दांडा थंड राहतो.

हे भरण मुंबईहून एका पत्र्याच्या डब्यात आले. पांढरट, चौकोनी विणीची दोरी. डबा उघडताच मी वास ओळखला. हुबळीच्या कारखान्यात चरबीचे पातेले शेगडीच्या कडेला असे आणि आमच्यातले कित्येकजण ते काम करून घरी गेले की अंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी जात नसत. मीही जात नसे.

डबी बोटीच्या अगदी शेपटाकडे, फळ्यांखाली, अरुंद जागेत होती. माझे अंग तेव्हाही जाडच. पोटावर सरपटत तिथवर पोहोचणे मला जमेना. मामा वाळक्या बांध्याचे, लांब हातांचे. ते आत शिरले, मी मागून सांगू लागलो.

"वास मारतोय हो ह्याला," आतून आवाज आला. "ह्यात काय हाय?"

बाहेर पाण्यात तराफे बांधून तयार होते. डोहाचे पाणी उतरायच्या आत ते न्यायचे होते. मी खरे सांगितले असते तर मामा बाहेर आले असते, हात धुतले असते आणि सरळ घरी गेले असते. मी म्हणालो, "मेण. विलायती."

"इलायती माश्या काय खात्यात कुणास ठावं," मामा म्हणाले आणि हसले.

मग त्यांचा एक हात झाकण धरण्यात गुंतला, दुसऱ्यात भरण आत ढकलायची लाकडी पट्टी. दोरीचे उरलेले टोक धरायला हात राहिला नाही. ते त्यांनी दातांत धरले. नावेच्या फटी बुजवताना काथ्या असाच दातांत धरायची त्यांना आयुष्यभराची सवय. मी मागे गुडघ्यांवर बसलो होतो, मला स्पष्ट दिसत होते. "थांबा" एवढा एक शब्द पुरला असता. चरबी लावलेल्या काडतुसांच्या गोष्टी आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकत वाढलो होतो. आपण काय पाहतो आहोत हे न कळायला मी लहान नव्हतो. मी म्हणालो, "मामा, आता पुढचे वेटोळे. जोड एकावर एक येऊ देऊ नका."

मामा मासे खात, सणावारी कोंबडेही. पण गुराची चरबी ही त्यांच्या दृष्टीने वेगळीच गोष्ट. ते हयातभर ज्यांच्या मागे नांगर धरत आले त्यांची ती. शिवाय नदीपलीकडच्या रानातल्या उळवीच्या देवाच्या जत्रेआधी महिनाभर ते मासळीलाही शिवत नसत.

आणि जत्रेतच ही गोष्ट माझ्या गळ्याशी आली. बेळगाव-खानापुराकडून, धारवाडाकडून गाड्या येत. त्या वर्षी मालकांनी पुण्य म्हणून सांगितले, यात्रेकरूंना आपल्या बोटीने पलीकडे पोहोचवा. मामांनी बोटीच्या नाकाडाला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. पहिल्याच खेपेला एक म्हातारे लिंगायत गृहस्थ काठावर अडले. इंग्रजी यंत्राची बोट, तिच्यात काय काय लावतात कोणी सांगावे, असे ते कानडीत म्हणत होते. मामांनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावले आणि हाताला धरून चढवले. मला म्हणाले, "अज्जांस्नी सांगितलं, मी सोता भरलंय, दातात धरून भरलंय, मेण हाय. मग बसले."

मी इंजिनात लाकडे सारत राहिलो.

त्या जत्रेनंतर मी ठरवले की पुढच्या जत्रेला ह्या बोटीत चरबी असता कामा नये. डब्यात अजून पुष्कळ भरण होते. ते मी एके सकाळी, मामा यायच्या आधी, इंजिनाच्या आगीत टाकले. फार छान जळले. आता परतीची वाट उरली नाही, म्हणून मला बरे वाटले. आता दुसरे काही शोधणे भागच होते.

मामांना कळू न देता प्रयोग करायचे होते. बॉयलरला पाणी चढवणारा एक लहान पंप होता, त्याच्या दांड्यालाही तसेच भरण लागे. बिघडले तरी बोट बुडायची भीती नाही. मी तिथे सुरुवात केली.

पहिल्यांदा काथ्या. काठावर मुबलक, नावाड्यांच्या रोजच्या वापरातला. खोबरेल तेलात भिजवून भरला. दोन दिवसांत पितळी दांड्यावर नखाने ओरखडावे तशा रेघा उठल्या. काथ्याचा धागा आडदांड. घासण्याखेरीज त्याला काही येत नाही. मग सुताची दोरी, एरंडेल पाजलेली. ती दांड्याला बिलगून बसली, आवाज नाही, ऊब नाही; मी खूश झालो. पण पाणी लागताच तेल धुऊन गेले, सूत लगद्यासारखे झाले आणि झाकणाच्या फटीतून बाहेर आले. नुसते आवळत गेलो तर आणखी बाहेर.

तेव्हा ताग घेतला. खानापुराकडे शेताच्या बांधाला लावतात तो, माझ्या सासऱ्यांनी गाडीतून एक मोठी पेंडी पाठवली. धागा लांब, काथ्याहून मऊ, सुताहून चिवट. तो पिंजून, चार पदरांची चौकोनी वेणी घालून पाहिली. वेणी छान झाली. मुरवायला मेण घेतले, खरोखरचे मेण. नंदिगड्ड्याकडच्या रानात पोळी काढणाऱ्यांकडून आणले. मनात म्हटले, निदान तो शब्द तरी खरा होईल. पण नुसते मेण थंड पाण्यात दगड झाले. दांडा किंचाळायला लागला आणि पंपाजवळ हात लावला तर चटका.

घरी बायको माझ्या उद्योगाला कंटाळली होती. घरभर तागाचे तूस.

"अहो, बोटीची वेणी घालताय का तिचं लगीन लावताय?" ती एकदा म्हणाली. "माझ्या केसांची येवढी काळजी कधी केली न्हाई."

"तुझे केस पाण्यात सोडायचे नाहीत."

"सोडा की. येक दिवस तुमास्नीच सोडते."

थंडीचे दिवस होते. बोलता बोलता ती पाय पुढे करून बसली आणि टाचांच्या भेगांत भिरंडेल भरू लागली. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचे तेल. आमच्याकडे घरोघर असते. थंडीत ते गोठून पांढऱ्या साबणाच्या वडीसारखे होते. विस्तवाशी धरले की वितळते, भेगेत जाऊन पुन्हा घट्ट बसते. ती वडी मी कैक वर्षे पाहत होतो. त्या दिवशी ती हातात घेतली आणि बोटांत दाबून पाहिली. चरबीसारखीच. तसाच घट्टपणा, तसाच निसरडेपणा. आणि झाडाच्या फळातून आलेली.

"ही मला दे," मी म्हणालो.

"टाचा हायत व्हय तुमच्या बोटीला?"

भिरंडेलात थोडे मेण वितळवले. किती, हे ठरवायला पुष्कळ दिवस गेले. मेण जास्त झाले की दांडा ओरडे. कमी झाले की इंजिनाच्या उबेने तेल पाझरून जाई. वेणी त्या कढत रसात बुडवायची, फुगे येणे थांबेपर्यंत ठेवायची, मग काढून सावलीत गोठवायची. शेवटी एक मिश्रण जमले. पंपावर ते महिनाभर चालले. दांडा थंड, गुळगुळीत, आणि पाणी हवे तसे, थेंब थेंब. मला इतका आनंद झाला की आपण हे कशासाठी आरंभले होते ते मी काही दिवस विसरूनच गेलो.

जत्रेआधी बोट वाळूवर ओढली आणि जुने भरण वाकवलेल्या तारेने उकरून काढले. आत शिरले मामाच.

"बरं चाललं व्हतं की हे," ते म्हणाले. "बदलायचं कशापायी?"

"कुजले आहे."

हे दुसरे खोटे. ते कुजले नव्हते, अजून दोन वर्षे गेले असते. मामांनी नवी वेणी घेतली, वास घेतला आणि हसत सुटले. "मिस्त्री, ह्याला आमच्या हिच्या पायांचा वास येतोय!" आणि टोक दातांत धरले. मला वाटले, फिटले. ज्या तोंडात चरबी गेली त्याच तोंडात आता भिरंडेल गेले. बोट स्वच्छ झाली. आता ह्यावर बोलायचे काही उरले नाही. इतक्या कष्टाने मी भरण शोधले ते मामांसाठी, असे मला वाटत होते. खरे म्हणजे त्यांना तोंडाने काही सांगावे लागू नये म्हणून शोधले.

जत्रा आली. पहिल्या दिवशी काठावर गर्दी होती, गाड्या तराफ्यांवर चढत होत्या, बैल पोहून पलीकडे जात होते. लोंढ्याकडून यात्रेकरू घेऊन आलेला एक गाडीवान होता. आमचे रेल्वेने येणारे सामान लोंढ्याहून तोच आणी. बायामाणसे बोटीत बसत असताना तो मोठ्याने म्हणाला, "मामा, देवाच्या मान्सांस्नी चरबीच्या बोटीतनं नेतोस व्हय रे?"

मामा सुकाणू सोडून उठले. "काय म्हणालास?"

"खोटं न्हाई. ह्यांचा डबा माझ्याच गाडीतनं आला. टोपण सैल झालं, उंदीर पडले तुटून. मेणावर उंदीर बसत्यात का रं? वास म्या घेतलाय. आमच्या गावच्या चांभाराच्या घरात येतो तसला."

बोटीत बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. कोणीतरी लेकराला खाली उतरवले.

"मिस्त्रीनं सांगितलंय मेण हाय म्हणून," मामा म्हणाले. "हुबळीला शिकलेला माणूस. तुझ्यासारका बैलाच्या शेपटामागं जलम काढलेला न्हाई. मिस्त्री, सांगा ह्याला."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "ह्या बोटीत चरबी नाही. ताग, मेण आणि भिरंडेल आहे. माझ्या घरात वळलेले आहे." आणि राहिलेली एक वेणी काढून लोकांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला. एका बाईने ती चक्क टाचेला चोळून पाहिली. लोक हसले आणि पुन्हा बसले.

प्रत्येक शब्द खरा होता. गाडीवान मात्र पुटपुटला, "हे आत्ताचं. तवाचं काय?"

"तवाचंबी मेणच!" मामा कडाडले. "चल, मी येतो तुझ्यासंगं उळवीला. देवाम्होरं दिव्यावर हात ठेवून सांगतो. पयल्या दिसापास्नं ह्या बोटीत चरबी शिरली न्हाई. मग तू सगळ्यांम्होरं नाक घास."

"चल की."

त्या दिवसाची शेवटची खेप सकाळीच झाली. मामांनी पलीकडच्या काठावर बोट बांधली, खांद्यावर कांबळे टाकले आणि त्या गाडीमागून उळवीच्या वाटेला लागले. जाताना मला म्हणाले, "दोन दिस बोट उभी राहू द्या. तुमच्याकडं बोट दाखवलं त्यानं. मी गप बसू काय?"

मी इंजिनापाशी बसून राहिलो. मामा म्हणजे देवावर श्रद्धा असलेला माणूस. ते माझ्या शब्दावर दिव्यावर हात ठेवणार होते. हात पोळला नाही तरी शपथ खोटीच होणार, आणि ती घेणारे ते असणार, मी नाही. एकदा त्यांच्या तोंडात चरबी घातली होती. आता त्याच तोंडात खोटी शपथ घालत होतो, आणि ह्या वेळी तर त्यांना पाठीमागून सूचना द्यायचेही कष्ट मला नव्हते. कोणाला कळणार नव्हते. जुने भरण राहिलेले नव्हते, डबा मी केव्हाच नदीत टाकला होता. गाडीवान नाक घासून गेला असता आणि बोट वर्षानुवर्षे चालली असती.

मी आग विझवली, वाफ सोडून दिली आणि चालू लागलो.

माझे अंग चढणीला सोसत नाही. दर वळणावर थांबून दम खात होतो. परत फिरायला एकही कारण पुरले असते, म्हणून कारण शोधायचेच नाही असे ठरवून पाय टाकत होतो. वाटेत यात्रेकरूंचे कानडी, मराठी गाण्यांचे सूर मागे टाकत गेलो. कोणी म्हणे, "मिस्त्री, बोट सोडून कुठे?" मी हात हलवून पुढे जाई. बोलायला थांबलो तर धीर सुटेल असे वाटे.

दुपार कलताना त्या लोकांचा तळ सापडला. एका ओढ्याच्या काठी गाड्या सोडलेल्या, तीन दगडांच्या चुली पेटलेल्या. सकाळी बोटीतून गेलेली बहुतेक मंडळी तिथेच होती. मामा पानात वाढलेला भात घेऊन बसले होते. पलीकडे गाडीवान बैलांना पेंढा टाकत होता.

"आले, आले मिस्त्री!" मामा म्हणाले. "बगा रे, म्हणालो न्हवतो? सोता साक्षीला आले. बसा, जेवा आधी. अक्का, ह्यांस्नीबी पान मांडा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर जेवलो असतो, आणि जेवलो असतो तर बोललो नसतो. गाडीवानालाही हाक मारून जवळ बोलावले. लांब बसलेल्यांनाही ऐकू जावे म्हणून मोठ्याने बोललो.

"मामा, तुम्ही शपथ घेऊ नका. हा गाडीवान खरे बोलतो आहे. पहिल्या भरणात गुराची चरबी होती. मला तेव्हाच माहीत होते. तुम्ही विचारलेत आणि मी मेण सांगितले, कारण तुम्ही निघून गेला असतात आणि मला तुमची गरज होती. तुम्ही ते दातांत धरलेत, तेव्हा मी पाहत होतो आणि गप्प बसलो. गेल्या वर्षी ह्या लोकांना तुम्ही हाताला धरून त्या बोटीत बसवलेत, त्यातही तुमचा दोष नाही, माझा आहे. भरण बदलले तेही कुजले म्हणून नाही, लपवायला म्हणून. आज काठावर मी जे बोललो ते खरे होते, पण अर्धेच, आणि तेही लपवायलाच बोललो. मामा, मी तुम्हाला फसवले. मला क्षमा करा."